कपाळाचे तीन टाके आणि एच१ चे रजिस्टर

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,

सा. न.

म्हापशाजवळच्या एका फार्मसीत मी नोंदणीकृत फार्मसिस्ट आहे. गेल्या पावसात, रात्री साडेदहाच्या सुमारास, एकाने अल्प्राझोलामच्या, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, सवय लागू शकणाऱ्या गोळ्यांच्या, दोन स्ट्रिप मागितल्या. चिठ्ठी विचारली तर मोबाइलवरचा धूसर फोटो पुढे केला, आणि तारखेवर नेमके त्याचे बोट. मी नाही म्हटले. काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची काचेची बरणी कपाळावर आली. तीन टाके पडले. मदतनीस मुलगा आत माल लावत होता म्हणून निभावले. (किनारपट्टी म्हटली की पर्यटकांकडे बोट दाखवणे सोपे जाते. हा आमच्याच तालुक्यातला, अस्सल कोकणीत शिव्या देणारा.)

पोलीस स्टेशनवरचे हवालदार सभ्य होते. "बाई, ही एनसी होते," म्हणाले. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचे कलम ११५, अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सरकारी इस्पितळाच्या औषध खिडकीवर हेच झाले असते तर लोकसेवकावरचा हल्ला म्हणून कलम १३२ लागले असते. तिथल्या फार्मसिस्टची आणि माझी पदवी एक, नोंदणीही एकाच कौन्सिलकडे.

साहेब, त्या रात्री मी "नाही" म्हटले ते सरकारच्या वतीने. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल (वेदनाशामक) ही औषधे शेड्यूल एच१ मधली, म्हणजे औषध नियमांतल्या वेगळी नोंद ठेवून द्यायच्या यादीतली. १ मार्च २०१४ पासून ती देताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहायचे, ते तीन वर्षे जपायचे. चिठ्ठीशिवाय दिले तर दुकानाच्या परवान्यावर गदा. औषध निरीक्षक येतात, रजिस्टर ओळ न् ओळ बघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री काउंटरवर कोण असते, एकटे असते का, हे आजवर मला एकानेही विचारलेले नाही.

वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरील हिंसेविरुद्ध गोव्याने २०१३ साली कायदा केला. त्या रात्री पोलीस स्टेशनवर त्याचे नाव कोणी काढले नाही. खरे सांगायचे तर मलाही आठवले नाही. औषध दुकानातला फार्मसिस्ट त्यात बसतो का, हे परिपत्रक काढून प्रत्येक पोलीस स्टेशनला कळवा. बसत नसेल तर दुरुस्ती आणा. आरोग्यसेवकावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र करता येतो, हे २०२० मध्ये साथरोग कायद्याच्या दुरुस्तीने दाखवले आहे. फक्त ते साथीपुरते होते.

तोवर एक बिनखर्चाचे काम करता येईल. "ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत" असा फलक, कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) शिक्क्यासह प्रत्येक दुकानाला द्या. आमच्याकडे सध्या मालकांनी हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे. गिऱ्हाईक तो वाचते आणि म्हणते, हे तुमचेच नियम.

आपली,
एक फार्मसिस्ट, बार्देश