लस शंभर कोंबड्यांची, परसात पंधरा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गावाकडे राहावं, परसात कोंबड्या पाळाव्यात, घरात वर्षाची बेगमी करावी, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. फोटोतला खुराडा देखणा होता. जाळी, पत्रा, आपोआप भरणारं पाण्याचं भांडं. मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. बेगमी आणि कोंबड्या हे दोन्ही लग्न होऊन या घरात आल्यापासून करते आहे. लेखात जे राहिलं ते लिहिते.

आमच्याकडे बेगमी हौसेची नसते. १ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, ताजा मासा मिळेनासा होतो, आणि मोठ्या पावसात एस.टी. वाडीपर्यंत येईलच असं नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये अंगणात पाय ठेवायला जागा नसते. आमसुलं, फणसाची साटं, आंब्याची पोळी, सांडगी मिरच्या, सुकट, खारवलेले बांगडे. भात मात्र आम्ही भातच ठेवतो, सगळं एकदम भरडून आणत नाही. अंगावर तूस असेपर्यंत दाण्याला कीड लवकर शिरत नाही; लागेल तसं महिन्या-दीड महिन्याचं गिरणीत जातं. उकडा तांदूळ सुरयपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा, जास्त टिकतो, कारण उकडल्यावर दाणा घट्ट होतो. कडधान्याला चुलीची चाळलेली राख. शेणाने सारवलेल्या कणग्या गेल्या आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या, त्याने उंदराचा त्रास संपला, पण धान्य किंचितही ओलं राहिलं तर पत्र्याला आतून घाम फुटतो आणि तळाचा थर बुरसतो. नव्याने गावी येणाऱ्यांनी कोठी घेण्याआधी उन्हाचे दिवस मोजावेत.

कोंबडी ही याच बेगमीतली, चालती-फिरती. गिरणीतून आलेली कणी, किडका दाणा, ताटातलं उष्टं तिच्या पोटात जातं. पिल्लांना आम्ही रानातलं वाळवीचं वारूळ फोडून आणून घालतो. मासा बंद असतो त्या आषाढात घरात अंडं असतं. न धुता, टोक खाली करून भाताच्या तुसात ठेवलं तर ते दोन-तीन आठवडे सहज राहतं. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि अंडं लवकर बिघडतं. शंका आली तर पाण्यात सोडायचं. तळाशी आडवं बसलं तर ताजं, तरंगलं तर टाकून द्यायचं.

आता मुद्द्याचं. योजनेतून सुधारित जातीची पिल्लं वाटतात, वनराजा, गिरिराजा वगैरे. अंडी गावठीपेक्षा जास्त देतात हे खरंच आहे. आमची गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही थांबून थांबून. पण ती खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि मुंगूस आलं तर झाडावर उडते. वाटलेल्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, अंगाने जड, आणि संपल्या की पुन्हा पुढच्या वाटपाची वाट पाहायची. आपल्यापुरतं भागवायचं असेल तर मला गावठीच हवी. शिवाय गावच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा तो गावठीच लागतो, तिथे बॉयलर चालत नाही.

पण गावठी असो की वाटलेली, मानमोडी दोघींना सोडत नाही. सरकारी कागदावर तिला राणीखेत म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत ती आली. आधी हिरवट हगवण, मग मान वाकडी, तोंड उघडं टाकून श्वास, आणि बघता बघता खुराडी रिकामी. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी कोंबड्या डालल्या, सकाळी डालं उचललं तर एकही उठली नाही. हा विषाणूचा रोग. आला की औषध नाही. लस मात्र आहे, जुनी आहे, स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचणी.

मग का दिली नाही, असं शहरातल्या वाचकांना वाटेल. लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते. बर्फात ठेवावी लागते. एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवायची. माझ्या परसात पंधरा कोंबड्या, शेजारी आठ, वरच्या घरात वीस. दवाखान्यात गेलं तर उत्तर मिळतं, ‘शंभर पक्षी गोळा करा, मग बघू.’ शंभर मोकळ्या कोंबड्या दुपारी कोण गोळा करणार? पोल्ट्रीवाल्याला हा प्रश्न नाही, त्याला कुपीसुद्धा पुरत नाही.

माझा मुलगा परवा वाचून दाखवत होता, की टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांत गावातल्याच शिकवलेल्या बायका घरोघर जाऊन कोंबड्यांच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकतात आणि पक्ष्यामागे थोडे पैसे घेतात. तिथली लस थंडीवाचूनही बराच काळ टिकेल अशी निवडलेली आहे. आपल्याकडे ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी आहेतच, शेळ्यांसाठी त्या वाडीवाडीत फिरतात. त्यांना बर्फाची एक पेटी आणि कोंबडीच्या लशीचं शिक्षण द्यावं, देखरेख पशुवैद्यकांची असावी. तारीख आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, म्हणजे त्या पहाटे कोणी कोंबड्या सोडणार नाही. डाल्याखालची कोंबडी धरायला कष्ट नाहीत. पहाटे सुरू केलं तर वाडीतली घरं दोन तासांत होतात आणि कुपी वाया जात नाही. डोसाचे पैसे आम्ही देऊ, फुकट कोणी मागत नाही.

फेरी शिमग्याच्या आधी व्हायला हवी, ऊन तापायच्या आत. मे महिन्यात आलेली लस आमच्या काय कामाची? दुसरी दिवाळीनंतर, पावसाळ्यानंतर निघालेल्या पिल्लांसाठी. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने यंदा निदान एका तालुक्यात हे करून पाहावं. आमची वाडी तयार आहे, घरटी कोंबड्यांची यादी मी काढून ठेवली आहे.

आपली,
एक गृहिणी, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये.)