बीपीच्या गोळीबरोबर दोन वाक्येही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला उच्च रक्तदाबावरचा लेख वाचला. मीठ कमी करा, रोज चाला, झोप पुरी घ्या, हे सगळे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. पण जी गोळी माणसाला वर्षानुवर्षे घ्यायची आहे, ती पोटात गेल्यावर नेमके काय करते, यावर एक ओळही नाही. मी साताऱ्यात फार्मासिस्ट आहे. गोळी का घ्यायची हे कळलेले नसते, म्हणून ती सोडणारी माणसे मला काउंटरवर सारखी भेटतात.

मध्यंतरी एक मावशी अ‍ॅम्लोडिपीनची अर्धी स्ट्रिप परत घेऊन आल्या. हाडांसाठी त्यांना कॅल्शियम चालू होते आणि बीपीची ही गोळी कॅल्शियम अडवते, असे मुलाने मोबाइलवर वाचून सांगितले होते. "एकीनं भरायचं आणि दुसरीनं काढायचं, हे कसलं औषध?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर त्यांना पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. या पेशींच्या आत मोकळे कॅल्शियम फारच कमी, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. ते आत वाढले, की कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि पेशी आवळते, म्हणजे रक्तवाहिनी अरुंद होऊन दाब चढतो. वाढण्याच्या मुख्य वाटा दोन. पेशीच्या आवरणातल्या कॅल्शियम चॅनेलमधून ते बाहेरून आत शिरते, ही एक. दुसरी हार्मोनची: अँजिओटेन्सिन पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागेवर, बसले, की पेशीच्या स्वतःच्या साठ्यातले कॅल्शियम सुटते. अ‍ॅम्लोडिपीन ते चॅनेल रोखते, तर टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी त्या रिसेप्टरची जागा आधीच धरून बसते. अनेकांना दोन्ही गोळ्या एकदम का देतात, हे यावरून समजावे. मावशींच्या हाडांतल्या कॅल्शियमला यातले कोणीच हात लावत नाही.

एवढ्याशा आवळण्याने काय होते, असे वाटेल. बारीक रक्तवाहिनीची त्रिज्या 10 टक्क्यांनी घटली, तर प्रवाहाला होणारा विरोध जवळजवळ दीडपट होतो.

"बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?" हे तर रोजचे. अहो, नॉर्मल आले ते गोळी चालू आहे म्हणून! त्यात अ‍ॅम्लोडिपीन शरीरात रेंगाळते. निम्मे औषध उतरायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे बंद केल्यावर एक-दोन दिवस मोजमाप चांगलेच येते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. मग बीपी चढते तेव्हा बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही.

या गोळीने काहींचे घोटे सुजतात. घरात लगेच "किडनी गेली" म्हणून रडारड. खरे तर बारीक धमन्या सैल पडतात, पण शिरा तेवढ्या पडत नाहीत, म्हणून पाणी झिरपून घोट्याशी साठते. सूज डॉक्टरांना दाखवावीच, कारणे इतरही असतात. पण ते मात्रा कमी करू शकतात किंवा टेल्मिसार्टन जोडू शकतात, त्यानेही सूज उतरते. गोळी परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशात 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांचा आणि 21 टक्के महिलांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना गोळ्या चालू होत्या. आरोग्य केंद्रांत गोळ्या मोफत मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. त्या हातात देताना कोणती गोळी कुठे काम करते, हे मराठीत दोन वाक्यांत सांगावे आणि कार्डावर छापावे. आम्ही दुकानदारांनीही ते सांगितलेच पाहिजे, गर्दी असली तरी.

आणि एक सूचना आपण पुरवणीत ठळक छापावी ही विनंती: टेल्मिसार्टन गरोदरपणात घ्यायचे नसते, त्याने बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सासूबाईंच्या डब्यातली गोळी सुनेला देण्याचा प्रकार आजही घरोघरी चालतो.

आपला,
एक फार्मासिस्ट, सातारा