नर्सिंगच्या मुलींचं ऐकून घेणारं माणूस कॉलेजबाहेरचं हवं

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. त्यानंतर इथल्या वॉर्डांत जे घडलं, ते मी नर्सिंग ट्यूटर म्हणून जवळून पाहिलं.

वीस-एकवीस वर्षांच्या मुली. पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी असली तरी नाही. मृतदेह बांधताना एकीने मला विचारलं, "मॅडम, आजींच्या हातातली बांगडी निघत नाहीये. राहू देऊ?" राहू दे म्हटलं. तिने दागिन्यांच्या नोंदीत 'डाव्या हातात एक बांगडी' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. गावी जावं तर गावकरी येऊ देईनात, हॉस्टेलवर सगळ्यांची तीच गत.

मे २०२१ मध्ये केंद्राने कोविड ड्युटीचे १०० दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य जाहीर केलं. चांगलंच झालं. पण या मुलींना झोप लागते का, हे विचारायला आमच्याकडे कोणी फिरकलं नाही.

समुपदेशक म्हणून कॉलेजात बहुधा आमच्यातल्याच एका मॅडमचं नाव लावतात. इंटर्नल मार्क मॅडमच्या हातात, हजेरी आणि ड्युटीही त्यांच्याच हातात. मग 'मला वॉर्डात जायची भीती वाटते' हे मुलगी कोणाला सांगणार? 'मग नर्सिंगला आलीसच कशाला' असं ऐकावं लागेल, ही तिची धास्ती खोटी नाही. कंत्राटी सिस्टर तर त्याहून गप्प राहतात. नेमणुकीची ऑर्डर पुढे वाढेल की नाही याचाच घोर.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्याचा आधार आहेच, पण फोनवरचा माणूस कोणाची ड्युटी बदलून देऊ शकत नाही.

म्हणून विनंती आहे. प्रत्येक नर्सिंग कॉलेजला आणि मोठ्या रुग्णालयाला बाहेरचा समुपदेशक द्या. पुण्यात तर येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, माणसं शोधायला लांब जायला नको. 'हिला आठवडाभर वॉर्ड नको' असं त्याने लिहून दिलं, की कारण न विचारता ते मान्य व्हावं आणि हजेरी कापली जाऊ नये. विद्यार्थिनींना स्टाफच्या संख्येत धरू नये. तसा शासन निर्णय साथ नसताना, आत्ताच निघावा. साथीच्या धामधुमीत तो निघणार नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

आपली,
एक नर्सिंग ट्यूटर, पुणे