फी भरली म्हणून आजारी मूल पाळणाघरात

महोदय,
पावसाळ्यात घोडबंदर, ऐरोली, खारघरकडच्या पाळणाघरांत ‘हँड-फूट-माउथ’ (हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा संसर्गजन्य आजार) नवा नाही. मूल सात ते दहा दिवस घरी, फी मात्र पूर्ण. मग तापाचं औषध पाजून सकाळी सोडलं जातं. दुपारी अंग पुन्हा तापतं, तोवर खेळणी सगळ्यांच्या तोंडात गेलेली असतात. पाळणाघराचाही नाइलाज आहे. भाडं आणि मावशींचा पगार हजेरीवर ठरत नाही. ‘हॉस्पिटल कॅश’ विमा इथे बिनकामाचा, कारण तो दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतो.

त्यापेक्षा पाळणाघरानेच आजारपण निधी काढावा. 20 मुलं, प्रत्येकी दरमहा 100 रुपये, म्हणजे वर्षाचे 24,000. फी 8,000 आणि दिवस 26 धरले तर रोजचे सुमारे 308 रुपये. पहिले तीन दिवस पालकांचे, पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निम्मी भरपाई, वर्षात फार तर 10 दिवस. मर्यादा घातली नाही तर दोन-चार घरंच निधी संपवतील. वर्गणी जानेवारीपासून घ्यावी. जूनमध्ये सुरुवात केली तर जुलैतच खडखडाट. हिशेब दरमहा फळ्यावर लावावा, नाहीतर कुरबुरी ठरलेल्याच.

– एक वाचक, ठाणे (प.)