क्रम मोडू नकोस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही छापायचं नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. ‘आभारबिभार काही नको गं’ ही दुसरी अट मात्र पाळणार नाही. दीड वर्ष दर रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी रात्री, जेवणं उरकून तुम्ही माझ्यासाठी संगणकासमोर बसलात. कराडमधल्या एका डॉक्टरला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर वाचायला शिकवलंत. हे चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपली ओळख आनंदीबाईंमुळे झाली. फिलाडेल्फियात पाऊल ठेवणारी बरीच मराठी माणसं आनंदीबाई जोशींचा माग काढत फिरतात, तशीच २०२३ मध्ये भावाकडे आल्यावर मीही निघाले होते. त्यांचं १८८३ सालचं प्रवेशासाठीचं पत्र ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत. मग सहज म्हणालात, “ज्या गावात त्या डॉक्टर झाल्या, तिथल्या शंभर वर्षं आधीच्या डॉक्टरांचे कागद बघायचेत का? एक जण आहे. त्याच्याशी तुझं भांडण होईल.”

माझं भांडण तर आधीपासूनच होतं. डॉ. बेंजामिन रश म्हणजे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, एडिनबरोला शिकून आलेले, त्या काळातले अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले डॉक्टर. आणि १७९३ च्या पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, साथीत रोग्यांचं रक्त काढत सुटलेलेही तेच. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या फिलाडेल्फियात ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात सुमारे पाच हजार माणसं दगावली. रश यांचा उपाय म्हणजे कॅलोमेल, अर्थात पाऱ्याचा क्षार, आणि त्यात जालाप नावाच्या मेक्सिकन मुळीची पूड. दोन्ही जबर रेचकं. त्यावर शीर उघडून रक्त काढायचं. शरीरात खरोखर असतं त्याच्या दुप्पट रक्त आहे असा त्यांचा समज होता, त्यामुळे किती काढायचं याला धरबंध नव्हता. मी मनाशी निकाल लावूनच तुमच्यापुढे आले होते. ‘शहाण्यांच्या चुका’ अशा एका लेखात टाकायला दोन-चार वाक्यं हवी होती, बस्स.

दप्तरखान्याच्या वाचनकक्षातला तो पहिला दिवस मला तासातासाने आठवतो. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत न्यायची. पांढरे हातमोजे घालावे लागतील असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, “हात साबणाने धू, कोरडे कर. मोजे घातले की बोटांना कागद कळत नाही, कोपरा फाटतो.” टेबलावर एका वेळी एकच फोल्डर. त्यातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, आपल्या शाळेच्या वह्यांपेक्षा कितीतरी धडधाकट. तेव्हा लिफाफे वापरत नसत. पत्राच्याच कागदाची घडी घालून ती लाखेने चिकटवायची. उघडताना लाखेखालचा तुकडा निघून यायचा, म्हणून जवळजवळ प्रत्येक पत्राला ठरलेल्या जागी भोक आणि त्या भोकात एक-दोन शब्द गडप. त्या भोकांवर तुम्ही मला रागावू दिलं नाहीत. “कुणीतरी हे घाईने उघडलंय, एवढं तर कळलं ना?” म्हणालात.

वाचता तर काहीच येत नव्हतं. जोडून आलेल्या दोन ‘एस’पैकी पहिला लांबच लांब, ‘एफ’सारखा काढलेला, त्यामुळे ‘डिस्ट्रेस’ हा शब्द मी ‘डिस्ट्रेफ्स’ असा वाचत बसले होते. हिशेबाच्या वहीत औषधांपुढे इंग्रजी तीनचा आकडा पुन्हा पुन्हा का येतो ते कळेना. तो आकडा नव्हताच, ड्राम या वजनाची खूण होती ती. रोज चिठ्ठीच्या माथ्यावर ‘आरएक्स’ लिहिणारी मी, त्या खुणेची सख्खी बहीण मला ओळखता आली नाही. तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. ते पेशवे दप्तरातले मोडी कागद वाचायचे आणि तुम्हाला लहानपणी शेजारी बसवून म्हणायचे, अक्षराच्या मागे लागू नकोस, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळख. हात न उचलता लिहिलेली मोडी वाचणाऱ्याला कुठलंही धावतं अक्षर परकं वाटत नाही, असं तुम्ही म्हणालात. शिकागोला जायचं सोडून मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून आठवडा काढला तो या एका वाक्यामुळे.

आणि दुसरं वाक्य, ज्याचं मी शीर्षक केलंय. मी फोल्डरमधून मला हवी ती तारीख शोधायला लागले होते. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. “क्रम मोडू नकोस.” कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत ठेवायचे, हा दप्तरखान्याचा पहिला नियम. पण वाचण्याच्या बाबतीतही तुम्हाला तेच म्हणायचं होतं, हे मला कराडला परत आल्यावर कळलं.

रश यांच्याच कागदांचा क्रम किती मोडलाय ते तुम्ही दाखवलंत. त्यांच्या मुलाने, डॉ. जेम्स रश यांनी, आपली इस्टेट लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फियाला दिली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३१ मध्ये काढलेली ही संस्था. रश यांना आलेली पत्रं, हिशेबाच्या वह्या यांचा मोठा साठा त्या संस्थेच्या मालकीचा. कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेकडे राहिलेल्या बऱ्याच कागदांचा १९४३ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि ते जिकडेतिकडे पांगले. त्यांनी बायकोला, ज्युलियाला, लिहिलेली साथीतली बरीच पत्रं आज नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठात आहेत. एल. एच. बटरफील्ड यांनी १९५१ मध्ये दोन खंडांत पत्रं छापली म्हणून आपल्यासारख्यांना ती पुन्हा ओळीने वाचता येतात. त्या संपादकाबद्दल तुम्ही किती मायेने बोलता! ठिकठिकाणचे तुकडे गोळा करून तारखेवार लावणं, नावांना टिपा देणं, हे काम करणाऱ्यांची नावं आपल्याकडे कुणी लक्षात ठेवत नाही.

मग आपले रविवार सुरू झाले. एका रविवारी साथीतल्या एका आठवड्याची पत्रं. पुढचं पान उलटायचं नाही. ज्युलिया मुलांना घेऊन न्यू जर्सीत प्रिन्स्टनकडे, माहेरच्या आसऱ्याला. रश शहरात. ऑगस्टच्या अखेरीस नुसती काळजी. बंदरावर कुजत पडलेल्या कॉफीच्या वासाने ताप पसरला, याबद्दल खात्री. सप्टेंबरात आवाज एकदम बदलतो. नव्या उपायाने माणसं उठून बसताहेत! १० सप्टेंबरची त्यांची नोंद आहे, आज शंभर रोगी पाहिले, देवाच्या कृपेने एकही गेला नाही, अशा अर्थाची. ती वाचताना मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत.

त्यानंतर त्यांच्याजवळ राहणारे शिकाऊ डॉक्टर आजारी पडू लागतात. पाचांतले तीन जातात. १ ऑक्टोबरला बहीण जाते, त्यांच्याच घरात. ते स्वतः तापाने पडतात, स्वतःवर तोच उपाय करतात आणि वाचतात, त्यामुळे उपायावरचा विश्वास आणखी पक्का होतो. सधन लोक, कितीतरी डॉक्टर शहर सोडून गेलेले, हे मात्र दारोदार हिंडताहेत. ओळीने वाचलं तेव्हा माझ्या लेखातला मूर्ख माणूस मला कुठे सापडेना. हा भित्रा नव्हता, पैशाला हपापलेला नव्हता, खोटंही बोलत नव्हता. आणि तरीही त्याच्या हातून माणसं गेली. या सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या अक्षरात बघायला लावलंत तुम्ही.

सगळ्यात जास्त मला डासांनी झोपू दिलं नाही. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे क्यूबात कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडलं आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने सिद्ध केलं. पण साथीनंतर लिहिलेल्या वृत्तांतात रश स्वतः नमूद करतात की त्या शरदात डास नेहमीपेक्षा फार झाले होते. नजर तिथवर पोचली होती! एक ओळ लिहून ते पुढे गेले.

ताई, त्या रविवारी मी मध्येच कॅमेरा बंद केला. ‘लाइट गेले’ म्हणून तुम्हाला निरोप पाठवला. लाइट गेले नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, मी रोग्यांच्या घरच्यांना प्लाझ्मासाठी, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, सांगली-कोल्हापूर पळवत होते. त्याचा उपयोग होत नाही, हे आपल्याच देशातल्या चाचणीतून २०२० च्या ऑक्टोबरमध्ये छापून आलं होतं. मी ते वाचलं होतं. तरी समोर उभा असलेला मुलगा ‘डॉक्टर, काहीतरी करा’ म्हणाला की हात चिठ्ठीकडे जायचा. मे महिन्यात सरकारी सूचनांमधून प्लाझ्मा वगळला, तेव्हा मी निमूटपणे लिहिणं थांबवलं आणि त्याविषयी कुणाशी एक शब्द बोलले नाही. रश यांना तरी दुसरं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला माफही केलं नाहीत, दोषही दिला नाहीत. विचारलंत, “तुझे त्या वेळचे कागद आहेत का?”

त्याआधी तुम्ही आणखी एक सवय लावली होतीत. पत्र वाचून झालं, की त्यात कोण बोलत नाही ते बघायचं. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, या समजुतीने रश यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी या काळ्या लोकांच्याच संस्थेला मदतीची हाक दिली. अ‍ॅब्सलम जोन्स, रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती शुश्रूषेला, प्रेतं उचलायला धावले. समजूत खोटी होती. ती माणसंही मेली. वर साथ सरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर पैसे उकळल्याचा ठपका छापला. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी जानेवारी १७९४ मध्ये पुस्तिका काढून उत्तर दिलं. त्यात आकडे दिले : १७९२ मध्ये काळ्या लोकांची ६७ दफनं, १७९३ मध्ये ३०५. “रशच्या शेजारी ही ठेवल्याशिवाय त्याची पत्रं वाचून झाली म्हणू नकोस,” म्हणालात. तसंच जेम्स डरहॅमचं. गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे स्वतंत्र होऊन न्यू ऑर्लिन्समध्ये डॉक्टरकी करणारा हा माणूस. त्याचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो त्याने रश यांना लिहिलेली पत्रं या फोल्डरांत टिकली म्हणून.

मुंबईचा धागाही तुम्हीच जोडून दिलात, तोही अगदी खरोखरचा धागा. लसीच्या द्रवात भिजवलेला दोरा बाटलीत बंद करून इंग्लंडहून बॉस्टनला आला आणि डॉ. बेंजामिन वॉटरहाउस यांनी ८ जुलै १८०० रोजी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला देवी टोचल्या. दोन वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचल्या आणि तिच्या दंडावरून लस पुढे पुण्यापर्यंत गेली. वॉटरहाउस यांची पत्रं आहेत, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांना लिहिलेली, त्यांच्याकडून आलेली. ॲनाच्या हातचा एकही कागद मी पाहिलेला नाही.

तर माझे कागद. माळ्यावरच्या खोक्यात निघाले : वॉर्डातल्या चिठ्ठ्या, ऑक्सिजनच्या टाक्यांचे हिशेब, औषधांच्या पाकिटांच्या पाठीवर लिहिलेले फोन नंबर, आणि एक दोनशे पानी वही, त्यात रोज रात्री लिहिलेल्या चार-चार ओळी. लॅमिनेशन करून आणते, रोग्यांच्या नावाप्रमाणे लावते, असं मी उत्साहाने म्हणाले आणि तुम्ही तिकडून ओरडलात. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, पिना काढ, गंजतात. आणि जसे खोक्यात पडलेत तसेच राहू देत.

ताई, तुम्ही हे सगळं केलंत ते कुठल्या नात्याने? मी तुमची विद्यार्थिनी नाही, गाववाली नाही. माझा लेख अजून झालेला नाही आणि झाला तर त्यात ‘शहाण्यांच्या चुका’ हे शब्द नसतील. तुमचे दीड वर्षाचे शनिवार मी घेतले, त्याबद्दल मनापासून, अगदी पोटातून आभार.

कागदांवर क्रमांक घातलेत, पेन्सिलीने, वरच्या उजव्या कोपऱ्यात, तुम्ही दाखवले तसे. १ ते ४१२. पिना बोथट चाकूने एकेक करून काढल्या. २८७ क्रमांकाच्या चिठ्ठीची पिन कागदाला गंजून चिकटली आहे, निघत नाही. जोर केला नाही. दिवाळीत याल तेव्हा बघू.

तुमची,
कराडची डॉक्टर