आई-बाबा, मी इथे अजून तीन वर्षं राहतेय

कोर्दोबा, अर्जेंटिना
२४ मार्च

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की आईचा गळा दाटून येतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन अंगणात निघून जातात. म्हणून लिहितेय. बेपत्ता माणसांची हाडं ओळखणाऱ्या इथल्या लॅबचा करार मी आणखी तीन वर्षांसाठी वाढवलाय. सहीसुद्धा झाली. दादाला आधी कळलं, पण त्याच्यावर चिडू नका. तुम्हाला मीच सांगणार, असं मी त्याला बजावलं होतं.

पैशांसाठी नाही राहिले. पुण्यात याहून जास्त मिळाले असते. आणि आई, तुझ्या मनात आहे तसं काहीसुद्धा नाही. असतं तर पहिलं तुलाच सांगितलं असतं.

बाबा, मागे तुम्ही विचारलंत, "हरलेल्या लढाईची हाडं उकरून काय मिळतं गं?" तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते.

आज इथे सुट्टी आहे. १९७६ साली याच दिवशी इथल्या लष्कराने सत्ता हातात घेतली. रात्री-बेरात्री घरातून माणसं उचलून नेली, ती परत आलीच नाहीत. चौकशीला गेलेल्या आयांना कुणी दाद दिली नाही, तेव्हा १९७७ पासून त्या दर गुरुवारी ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात डोक्याला पांढरे रुमाल बांधून फेऱ्या मारू लागल्या. पुढे महागाईने लोक पेटले. ३० मार्च १९८२ ला मोर्चावर लाठ्या चालल्या आणि लगेच २ एप्रिलला लष्करी राजवटीचा तेव्हाचा प्रमुख जनरल गाल्तिएरीने ब्रिटनच्या ताब्यातल्या माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटांवर फौज उतरवली. तीन दिवसांपूर्वी मार खाल्लेलं शहर त्याच चौकात जयजयकार करायला जमलं.

१४ जूनला ब्रिटनपुढे शरणागती. अर्जेंटिनाचे ६४९ जण गेले, त्यांतले ३२३ एकट्या 'जनरल बेलग्रानो' जहाजाबरोबर. बेटांवरची कितीतरी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, सक्तीच्या भरतीतली. भुकेपोटी काही चोरून खाल्लं तर त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्यांचे हातपाय खुंट्यांना बांधून त्यांना गारठलेल्या जमिनीवर उघड्यावर टाकलं. बाबा, तुम्ही पलटणीत जवानांच्या आधी कधी ताटावर बसला नाहीत. तुम्हाला मी काय सांगू!

गाल्तिएरी आठवडाभरात गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये निवडणूक झाली, डिसेंबरमध्ये राऊल आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात सेनापतींवर खटल्याचा हुकूम निघाला. १९८५ मध्ये १९७६ ला सत्ता घेणाऱ्यांतल्या विदेला आणि मासेरा या सेनापतींना जन्मठेप झाली, तीही साध्या नागरी कोर्टात. त्या खटल्यात क्लाइड स्नो या अमेरिकी तज्ज्ञाने हाडांवरच्या खुणांवरून साक्ष दिली. ज्या पोरांना त्याने इथे हे काम शिकवलं, त्यांनीच आमची ही टीम उभी केली. हाडांतून काय मिळतं म्हणता, तर हे मिळतं.

एकाहत्तरला तुम्ही शरण आलेले कैदी पाहिलेत. तिकडे पाकिस्तानातही लष्करशाहीच हरली होती. याह्याखान गेला, भुट्टो आले, आयोग बसला. पण अहवाल दडपला गेला, एकाही सेनापतीला कोर्टात उभं केलं नाही, आणि १९७७ मध्ये झियाने पुन्हा सत्ता घेतली. इथेही सगळं सरळ झालं असं नाही. बराकींमधून बंड झाली, खटले थांबवणारे कायदे आले, १९९० मध्ये विदेलाला माफीसुद्धा मिळाली. पण लोकांनी पिच्छा सोडला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले आणि विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. नुसत्या पराभवाने हुकूमशहाची खुर्ची जाते, हिशेब मात्र मागून घ्यावा लागतो. तो मागणाऱ्यांच्या हाताखाली मी आहे.

फॉकलंडमधल्या डार्विन गावच्या दफनभूमीत १२१ थडग्यांवर नाव नव्हतं. 'फक्त देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक' एवढंच कोरलेलं. जेफ्री कार्डोझो नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने युद्धानंतर ही प्रेतं गोळा करून प्रत्येक नीट गुंडाळून पुरलं होतं, कोण कुठे सापडला तेही लिहून ठेवलं होतं. शत्रूची पोरं होती, तरी! २०१७ मध्ये ती थडगी उघडली आणि वर्षअखेरीपर्यंत ८८ जणांची नावं सापडली. तुम्ही त्या माणसाला कडक सॅल्यूट ठोकला असता.

परवा एक आजी हाडांशी जुळवून पाहण्यासाठी रक्ताचा नमुना द्यायला आल्या, नव्वदीपुढच्या. भाऊ १९७७ पासून बेपत्ता. नवरा असेपर्यंत त्याने भीतीपोटी येऊ दिलं नाही. बोटाला सुई टोचली तर म्हणतात, "जेवलीस का, पोरी?" आई, मला एकदम तुझी आठवण झाली. तापात तू माझ्या उशाशी मऊ भात घेऊन बसायचीस, एकेक घास फुंकून द्यायचीस. या माणसांकडे आता फार वेळ उरलेला नाही, म्हणून मला निघवत नाही. आणि वेळ तुमच्याकडेही आहेच कुठे, हेही रात्री मनात येतं. दोन्ही खरं आहे. तुम्हाला मागे टाकलंय असं मात्र मनातही आणू नका.

माझी काळजी नको. खोलीला ऊन आहे, हिवाळ्यासाठी हीटर आहे. मसूर, तांदूळ मिळतात, तूप घरी कढवते. गोडा मसाला तेवढा दादाबरोबर पाठवा.

आता नीट ऐका. बाबा, इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. रात्री उठताना आधी दिवा लावायचा, मग पाय खाली टाकायचे. पाण्याच्या टाकीवर तुम्ही चढायचं नाही, म्हणजे नाही. आई, गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये, मी आल्यावरच. तिकीट काढलंय, महिनाभर रजा टाकलीय. तोवर उपास बंद, एकादशीसुद्धा. विठोबा समजून घेईल. न्हाणीघरात दांडा बसवायला दादा सुतार आणेल, त्याला परत पाठवू नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, या पत्राचं उत्तर तुम्ही स्वतः लिहा. आईच्या पत्राखाली "मी ठीक आहे" एवढी एक ओळ चालणार नाही.