ध्वजदिनाच्या व्यासपीठावर त्यांनाही खुर्ची द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१९४९ पासून दर ७ डिसेंबरला देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या निमित्ताने ध्वजदिन निधी संकलनाचा कार्यक्रम होतो, वीरपत्नी, वीरमाता आणि वीरपित्यांचा सत्कार होतो आणि संकलनाचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या शासकीय कार्यालयांना प्रशस्तिपत्रे दिली जातात. हे सारे योग्यच आहे. परंतु सैनिकांच्या कुटुंबांसाठी वर्षभर पदरमोड करून धावपळ करणारी जी माणसे गावोगावी आहेत, त्यांचे नाव या कार्यक्रमात सहसा कोणी घेत नाही. त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

सातारा जिल्ह्याला सैनिकांचे अप्रूप नाही. येथील अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्दच कायमचा लागला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आमच्याही घरात फौजी होते. माझ्या नणंदेचे यजमान नाईक म्हणून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना अडचण आली ती नणंदेच्या नावाची. लग्नात सासरी नाव बदलण्याची आपली जुनी रीत. त्यामुळे डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत, सासरचे नाव, तर आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचे. एका बँकेने तिला ‘नावे जुळत नाहीत’ एवढेच सांगून तीनदा परत पाठवले. नावे का जुळत नाहीत आणि ती जुळवायची कोठे, हे तिला सांगितले ते शेजारच्या गावातील एका निवृत्त हवालदारांनी. प्रतिज्ञापत्र कसे करावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, कसे पाठवावे, ‘स्पर्श’ या फौजेच्या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत मृत्यूची नोंद कशी करावी, हे सर्व त्यांनी स्वतः सोबत फिरून पार पाडले. चहापलीकडे काही घेतले नाही.

हयातीच्या दाखल्याच्या वेळचा प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोर आहे. आयुष्यभर भांगलण आणि धुणीभांडी करून नणंदेच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर ठसा उमटेना. दहाही बोटे झाली, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, “मी जिवंत हाय ह्ये आता कुणी सांगायचं?” हवालदारांनी तिला अंगणात उजेडाला बसवले, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला लावला आणि मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला काढला. चेहऱ्यावरून दाखला काढण्याची ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. पण वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या बाईपर्यंत ती कोणीतरी पोहोचवावी लागते. सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुकावार दौरे करतात, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्यांनी प्रत्येक उंबऱ्यापर्यंत यावे, ही अपेक्षा वाजवी नव्हे.

कागदपत्रांहून अवघड काम असते ते घरातले. तरुण जवान गेला की निवृत्तिवेतन पत्नीच्या नावे होते आणि आईवडिलांना वाटते की मुलगाही गेला आणि त्याच्या कमाईवरचा हक्कही. अशा वेळी सून आणि सासूसासरे यांच्यामध्ये बसून, कोणाचीही बाजू न घेता, नियम काय आहे आणि माणुसकी काय आहे हे समजावणारा माणूस गावचाच आणि शक्यतो फौजेतलाच लागतो. कित्येकदा हे काम निवृत्त सैनिकांच्या पत्नी करतात. त्यांचा तर कोठे उल्लेखही होत नाही. माजी सैनिकांसाठी आणि सैनिकांच्या विधवांसाठी राज्य शासनाने २०२० मध्ये मालमत्ता करात सवलत दिली, तीही ग्रामपंचायतीत अनेकींच्या पदरात पडली ती असे कोणीतरी दाखला घेऊन सोबत गेले म्हणून.

माझी विनंती शाल-श्रीफळाची नाही. शाली घरात पुष्कळ असतात. या स्वयंसेवकांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने रीतसर ओळखपत्र द्यावे, हा मला खरा सन्मान वाटतो. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ‘पेन्शन काढून देतो’ म्हणत थकबाकीतला वाटा मागणारे मध्यस्थही याच वाटेवर उभे असतात आणि दुःखात असलेल्या बाईला खरा कोण आणि दलाल कोण हे ओळखता येत नाही. ओळखपत्र असले तर बँकेतही या माणसांना ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न ऐकावा लागणार नाही. त्याबरोबर आठवड्यातून एक दिवस तहसील कार्यालयात त्यांना एक टेबल मिळावे आणि एसटीच्या भाड्याची तरतूद व्हावी. ध्वजदिन निधीला हात लावायचा नसेल, तर स्थानिक दानशूर मंडळी आणि पतसंस्था हा खर्च सहज उचलू शकतील.

गेल्या वर्षीच्या ध्वजदिनाला हेच हवालदार दोन वीरमातांना एसटीने घेऊन आले होते. सत्कार सुरू असताना ते मागे दाराशी उभे होते, त्या दोघींच्या पिशव्या आणि एकीची काठी सांभाळत. यंदा पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी आणि व्यासपीठावरून त्यांचे नाव पुकारावे, एवढी विनंती जिल्हा प्रशासनापर्यंत आपल्या दैनिकातून पोहोचावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा